माणग्यावरचा लाल-काळा भुंगेरा: ही नवी प्रजाती आहे का, आणि असली तर पुढे काय?

व्हाळाकाठचा (१४ मे, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमची माणग्याची (म्हणजे बांबूची) बेटं आहेत. यंदा तोडलेल्या काठ्या मांगरात (शेतावरच्या खोपटात) रचून ठेवल्या होत्या. एप्रिल संपता संपता काठ्यांखाली पिवळसर पीठ पडायला लागलं, म्हणजे भुंगा लागला हे समजलं. तो नेहमीचाच, बारीक तपकिरी. पण परवा दुपारी त्याच राशीवर एक वेगळाच किडा दिसला. साधारण सात मिलिमीटर, अंग लांबट, लाल-काळं, मधे फिकट आडवा पट्टा आणि अंगभर उभे केस. चालणं थेट मुंगीसारखं, घाईघाईचं. मला आधी डोंगळाच वाटला.

फोटो जोडलाय (हललाय, माफ करा). मोबाइलमधल्या ॲपने ‘चेकर्ड बीटल, कुळ क्लेरिडी’ एवढं सांगितलं आणि पुढे हात टेकले. प्रजातीचं नाव नाही. नेटवर शंभरेक फोटो पाहिले, हुबेहूब असा एकही नाही. पुतण्या म्हणतो, “काका, नवी प्रजाती! तुमचं नाव लागणार.” खरंच असं असेल का? असेल तर कुणाला कळवायचं?

मिरची_भजी (१४ मे, रात्री ९:३२)

अभिनंदन!! पेपरात द्या ताबडतोब. नाहीतर दुसरंच कुणीतरी श्रेय लाटेल.

बायो (१४ मे, रात्री १०:०५)

गो बाय, माका तर ह्यो आमच्या सुकटीच्या डब्यातलो किडो वाटता. निळो-हिरवो चकाकता आणि पाय लाल. सुके बांगडे काढूक गेला की एक तरी पळता.

व्हाळाकाठचा (१४ मे, रात्री १०:११)

बायो, तो मी ओळखतो. आमच्या खोबऱ्याच्या गोणीतही असतो. हा तो नव्हे, ह्याला चकाकी नाही.

टाचणी (१५ मे, सकाळी ६:५०)

अभिनंदनाचे पेढे जरा थांबवू या. मी पोटासाठी बँकेत असतो, पण गेली वीस वर्षं माझे रविवार भुंगेऱ्यांवर खर्च होतात, म्हणून चार शब्द.

आधी बायोंचं. त्यांचा नेम अगदीच चुकलेला नाही. सुकटीतला तो निळा-हिरवा किडा म्हणजे नेक्रोबिया रुफिपेस. तोही याच क्लेरिडी कुळातला. रुफिपेस म्हणजे ‘लाल पायांचा’. म्हणजे बायो आणि व्हाळाकाठचे चेकर्ड बीटल घरात पाळून आहेत, फक्त ओळख झाली नव्हती.

आता मुख्य मुद्दा. ‘नेटवर फोटो नाही’ याचा अर्थ ‘नवी प्रजाती’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की नाव माहीत असलेल्या कुणी तो फोटो चढवलेला नाही. या कुळात जगभरात साडेतीन हजारांच्या आसपास प्रजातींना नावं आहेत. त्यातल्या कित्येकांचं आयुष्य म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी लॅटिन किंवा जर्मनमध्ये छापलेल्या आठ-दहा ओळी आणि युरोपातल्या कुठल्यातरी खणात टाचणीला लावलेला एक वाळका किडा. रंगीत फोटो नाही, चित्रही नाही. ब्रिटिश काळात भारतीय प्राण्यांवर ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ ही मोठी ग्रंथमाला निघाली, तिच्यात लांब शिंगांच्या भुंगेऱ्यांना, शेणकिड्यांना जागा मिळाली; क्लेरिडींच्या वाट्याला खंड आला नाही. त्यामुळे आपल्याकडचा एखादा चेकर्ड बीटल ‘अनोळखी’ वाटणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

एक गोष्ट मात्र आजच सांगतो, कारण तुम्ही फवारणीच्या विचारात असाल. ते पीठ ह्याने पाडलेलं नाही. ते काम त्या बारीक तपकिरी भुंग्याचं, डायनोडेरसचं; तो काठीतल्या पिठूळ अंशावर जगतो. तुमचा लाल-काळा पाहुणा त्या भुंग्याला खायला आलाय. ह्याच्या अळ्या भोकाभोकांतून शिरून त्याच्या अळ्या फस्त करतात.

व्हाळाकाठचा (१५ मे, सकाळी ७:२०)

फवारणीचा पंप काल भरून ठेवला होता, खरंच! बाजूला ठेवतो. आमचे आजोबा अवसेच्या आसपासच माणगो तोडायचे आणि काठ्या महिनाभर व्हाळात (ओढ्यात) बुडवून ठेवायचे. आम्ही आळस केला.

टाचणी (१५ मे, सकाळी ७:४१)

व्हाळात बुडवणं शंभर टक्के कामाचं, पिठूळ अंश धुऊन जातो. अवसेवर मी वाद घालत नाही.

पाटीपेन्सिल (१५ मे, दुपारी १:१५)

थोडं अवांतर. जुन्या मराठी पुस्तकांत ‘जाती’ म्हणजे स्पीशीज आणि ‘प्रजाती’ म्हणजे जीनस असं होतं. आता पेपरवाले सर्रास स्पीशीजला प्रजाती म्हणतात. धाग्यात कुठला अर्थ धरायचा?

टाचणी (१५ मे, दुपारी १:५०)

प्रजाती म्हणजे स्पीशीज, जीनसला वंश म्हणू. हा वाद इथे सुरू झाला तर भुंगेरा राहील बाजूला.

इतिहासवेडी (१५ मे, रात्री ८:३०)

या कुळाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७९४, फ्रेंच राज्यक्रांतीचा धामधुमीचा काळ. पिएर आंद्रे लात्रेय नावाचा एक पाद्री बोर्दोच्या तुरुंगात. नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून हद्दपारीची शिक्षा झालेली. कैदी तपासायला डॉक्टर आला, तर हे महाशय कोठडीच्या जमिनीवरचा एक किडा निरखत बसलेले. म्हणाले, हा दुर्मिळ आहे. डॉक्टरने तो किडा ओळखीतल्या पंधरा वर्षांच्या एका किडेवेड्या मुलाला नेऊन दिला. मुलाचं नाव बोरी द सॅं-व्हॅंसॅं. त्याने लात्रेयचं काम वाचलेलं होतं. मग ओळखीपाळखी लावून त्याची सुटका करवली. बरोबरचे कैदी मात्र वाचले नाहीत असं सांगतात. तो किडा म्हणजे नेक्रोबिया रुफिकॉलिस, बायोंच्या सुकटीतल्या किड्याचा सख्खा भाऊ! पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत लात्रेयच्या स्मारकावर तो कोरलेला आहे.

नवा किडा शोधल्याबद्दल जीव वाचला, असं दुसरं उदाहरण असेल का?

टाचणी (१५ मे, रात्री ९:०२)

गोष्ट माझ्याही आवडीची, पण एक खिळा ठोकतो. किडा नवा नव्हता. फॅब्रिशियसने त्याचं नाव १७७५ मध्येच छापलं होतं. लात्रेयचा जीव वाचला तो किडा नवा होता म्हणून नव्हे. समोरच्या किड्याचं महत्त्व त्याला कळलं आणि ते कळणारा एक मुलगा बाहेर होता म्हणून. पुढे १८०२ मध्ये या कुळाची मांडणी केली ती याच लात्रेयने. आजही क्लेरिडी या नावापुढे त्याचंच नाव लागतं.

इतिहासवेडी (१५ मे, रात्री ९:१०)

हे माहीत नव्हतं! म्हणजे ऋण फेडलं म्हणायचं.

चष्मिष (१६ मे, सकाळी ११:००)

समजा, व्हाळाकाठचे यांचा किडा खरोखर नवा निघाला. पुढे नक्की करायचं काय? पायऱ्या कुणी नीट सांगेल का?

टाचणी (१६ मे, रात्री ११:२०)

नीट सांगायचं तर रात्र जाईल, पण प्रयत्न करतो.

पहिलं आणि सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे तो नवा *नाही* हे सिद्ध करायचा जीव तोडून प्रयत्न करणं. वकील आपल्याच अशिलाची उलटतपासणी घेतो तसं. आधी वंश ठरवायचा. त्यासाठी बारकावे बघायचे: शृंगिकेची (डोक्यावरच्या मिशीची) टोकं गदेसारखी फुगीर आहेत की करवतीसारखी दातेरी, डोळ्याला पुढून खाच आहे का, तोंडाजवळच्या स्पर्शकाचा शेवटचा खंड कुऱ्हाडीच्या पात्यासारखा आहे का, पावलाच्या खंडांखाली पातळ पाळ्या किती, पंखांच्या ढालीवरचे खळगे रांगेत आहेत की विस्कटलेले, आणि त्या रांगा कुठपर्यंत जातात. रंग सगळ्यात शेवटी. रंगावर या कुळात विश्वास ठेवू नका. एकाच प्रजातीत पट्टा रुंद, अरुंद, तुटका, गायब असं सगळं असतं. शिवाय यातले बरेचसे मुंग्यांची, गांधीलमाश्यांची नक्कल करतात, त्यामुळे नात्याने लांबचे किडेही एकाच साच्यातले दिसतात.

वंश ठरला की त्या वंशात आजवर नाव मिळालेल्या सगळ्या प्रजातींची यादी काढायची. कॉर्पोरालने १९५० मध्ये या कुळाची जागतिक सूची केली, ती अजून हाताशी लागते. पुढची भर वेगळी शोधायची. मग प्रत्येकीचं मूळ वर्णन वाचायचं. आपल्या भागापुरतं बोलायचं तर गोऱ्हॅम या इंग्रज पाद्र्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारतातले बरेच क्लेरिडी नावारूपाला आणले. त्यातले काही एच. ई. अँड्र्यूज या वनाधिकाऱ्याने जमवलेले होते. वर्णनावरून भागत नसेल तर ज्या एका नमुन्यावर ते नाव बेतलंय तो, म्हणजे होलोटाइप, बघायचा. पक्षी, मासे यांत फोटोवर पुष्कळ निभावतं, इथे नाही.

त्यानंतर नराचं जननांग. हसू नका. बाहेरून जुळे वाटणारे दोन भुंगेरे आतून साफ वेगळे निघतात. वाळलेला नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाचं टोक सोडवायचं, कॉस्टिक पोटॅशच्या सौम्य द्रावणात ठेवून मांस विरघळवायचं आणि उरलेला कडक भाग ग्लिसरिनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सात मिलिमीटरच्या किड्यात हा भाग एक-दीड मिलिमीटरचा. पहिल्या वेळी मी तो शिंकेसरशी हरवला होता. तासभर सतरंजी चाळली.

इथवर येऊनही ‘हा कुठल्याच जुन्या नावात बसत नाही’ असं दिसलं, तर मग लिहायचं.

काळी_मुंगी (१७ मे, सकाळी ८:०५)

म्हणजे मारायचाच? हल्ली इतके चांगले कॅमेरे आहेत, डीएनए आहे. एका पायाचा तुकडा घ्या आणि सोडून द्या की.

टाचणी (१७ मे, सकाळी ८:४०)

प्रश्न रास्त आहे. मलाही मारताना बरं वाटत नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाला माझा दावा तपासायचा असेल तर त्याने काय बघायचं? फोटोत जे मी टिपलं नाही ते त्यात कधीच दिसणार नाही. पायाच्या तुकड्यातून डीएनए मिळतो, हेही खरं. ‘बारकोड’ म्हणून वापरतात तो पट्टा साडेसहाशेच्या वर अक्षरांचा. पण तो जुळवायचा कशाशी? क्लुग हा जुना जर्मन अभ्यासक आणि गोऱ्हॅम यांच्या बहुतेक नमुन्यांचा बारकोड कुणी काढलेला नाही.

आणि एक. स्वतःच्या मांगरातला किडा वेगळा. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नाही.

मिरची_भजी (१७ मे, सकाळी ९:१५)

नावाचं बोला हो! मी ‘कुडालेन्सिस’ सुचवतो.

पुतण्या_नंबर१ (१७ मे, सकाळी ९:२२)

काकांचं नाव लागलं पाहिजे. बास.

टाचणी (१७ मे, सकाळी १०:००)

गावावरून ‘-एन्सिस’ चालतं, आणि छान वाटतं. माणसावरून द्यायचं तर पुरुषाच्या नावाला शेवटी ‘-इ’, बाईच्या नावाला ‘-ए’, अनेकांना मिळून ‘-ओरुम’. स्वतःचं नाव स्वतःच द्यायला नियमात बंदी नाही, पण लोक आयुष्यभर हसतात. त्यामुळे काकांचं नाव लागायचं असेल तर वर्णन दुसऱ्याने लिहिलं पाहिजे. पुतण्याने सूक्ष्मदर्शक घ्यावा.

नियम म्हणजे प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता. चौथी आवृत्ती २००० पासून लागू. तिचं म्हणणं थोडक्यात असं: ही नवी प्रजाती आहे हे स्पष्ट लिहा, इतरांपासून वेगळी कशी ते शब्दांत सांगा, एक होलोटाइप ठरवा, तो कुठल्या संग्रहात आहे ते लिहा आणि रीतसर प्रसिद्ध करा. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवी. या धाग्यावर नाव जाहीर केलं तर त्याला काडीची किंमत नाही, त्यामुळे मिरची_भजी, नाव चोरीला जाण्याचीही भीती नाही.

आपल्याकडे याशिवाय जैवविविधता कायदा, २००२. नवी प्रजाती सापडली की सरकारने नेमलेल्या संग्रहालयाला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. किड्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण. त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. होलोटाइप घरच्या शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नाही.

बायो (१७ मे, दुपारी ३:३०)

आणि चुकान त्याच किड्याक दोनदा नाव दिला तर?

टाचणी (१७ मे, संध्याकाळी ५:१०)

बायो, लाखातला प्रश्न. नेहमी होतं. तुमच्या सुकटीतल्या किड्याचंच घ्या. त्याला डे गेअरने १७७५ मध्ये नाव दिलं. पुढे इजिप्तच्या ममींमध्ये भुंगेरे सापडले, आणि १८३४ मध्ये होप नावाच्या गृहस्थांनी ते नवे समजून नाव दिलं नेक्रोबिया मुमियारुम, म्हणजे ‘ममींचा नेक्रोबिया’. काय रुबाबदार नाव! पण निघाला तोच लाल पायांचा. सुकलेलं मांस मग ते बांगड्याचं असो की इजिप्तच्या कुणा सरदाराचं, ह्याला सारखंच. आधीचं नाव टिकतं, नंतरचं बाद होऊन यादीत शेपटासारखं लोंबत राहतं.

बायो (१७ मे, संध्याकाळी ५:१८)

शी! आता सुकट खावची कशी?

स्प्री_काठ (१८ मे, रात्री १:४०)

मी बर्लिनमध्ये असते. टाचणी, क्लुगचं नाव वाचलं म्हणून विचारते, तो इथल्या निसर्गसंग्रहालयाचाच ना? मुलाला डायनोसॉर दाखवायला आम्ही तिथे सारखे जातो. कोकणातल्या किड्यांची कागदपत्रं त्याच इमारतीत असतील हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

टाचणी (१८ मे, सकाळी ७:००)

तोच. कीटकसंग्रह त्याच्याच हाताखाली होता आणि १८४२ मध्ये त्याने या कुळावर मोठा प्रबंध लिहिला. मुलाला सांगा, डायनोसॉरपेक्षा महत्त्वाची मंडळी खणांत आहेत.

व्हाळाकाठचे, आता तुम्हाला काम. पीठ पडणाऱ्या काठीचे वीतभर तुकडे करा, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घाला, तोंडाला मलमलचं फडकं बांधा, सावलीत ठेवा. जे बाहेर येईल ते फ्रीजरमध्ये. आणि प्रत्येकाबरोबर चिठ्ठी: गाव, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, कशात सापडला, कुणी पकडला. पेन्सिलने लिहा, शाई फुटते. चिठ्ठीशिवायचा किडा म्हणजे नुसता कचरा, मग तो कितीही दुर्मिळ असो.

व्हाळाकाठचा (९ जून, रात्री ८:४५)

मंडळी, पाऊस सुरू झाला, वीज दोन दिवस नव्हती, म्हणून उशीर. बरणीतून तीन लाल-काळे आणि मोजता येणार नाहीत इतके बारीक तपकिरी बाहेर आले. एक लाल-काळा तपकिऱ्याला पुढच्या पायांत धरून डोक्यामागे चावत होता, भाकरीचा तुकडा मोडावा तसा. पुतण्याने व्हिडिओ काढलाय. तिन्ही चिठ्ठ्यांसकट टाचणींच्या पत्त्यावर पाठवले.

टाचणी (२३ जून, रात्री १०:३०)

पोचले. दोन नर, एक मादी. एका नराची तपासणी झाली (सतरंजी आधीच गुंडाळून ठेवली होती). शृंगिका दातेरी, बाकी खुणाही जुळल्या. निकाल: टिलॉइडिया नोटाटा (क्लुग, १८४२). बांबूतल्या भुंग्यांचा शिकारी म्हणून चांगलाच माहीत असलेला किडा आहे.

पुतण्या_नंबर१ (२३ जून, रात्री १०:३४)

😭

व्हाळाकाठचा (२३ जून, रात्री १०:५०)

१८४२! म्हणजे आमचे खापरपणजोबा माणगो तोडत होते तेव्हाच बर्लिनात ह्याचं बारसं झालं होतं. वाईट वाटलं खरं, खोटं कशाला बोलू. पण ते क्लुग आणि १८४२ कंसात का?

टाचणी (२३ जून, रात्री ११:१५)

कंसाला अर्थ आहे. क्लुगने ह्याला टिलस या वंशात घातलं होतं, नाव होतं टिलस नोटाटस. पुढे तो टिलॉइडियात गेला. वंश बदलला की मूळ नामकर्ता कंसात जातो. टिलस पुल्लिंगी, टिलॉइडिया स्त्रीलिंगी, म्हणून नोटाटस-चं नोटाटा झालं. सासरी गेल्यावर नाव बदलावं तसं, माहेरचं आडनाव मात्र कंसात कायम.

काळी_मुंगी (२४ जून, सकाळी ७:३०)

ही उपमा बदला, टाचणी. २४ जणांनी वाचायच्या आत.

टाचणी (२४ जून, सकाळी ७:३८)

मान्य. भाडेकरूने घर बदललं म्हणा.

व्हाळाकाठचा (२ जुलै, सकाळी ६:५५)

बरणी टाकून द्यायची राहिली होती. आज सकाळी बघतो तर आत अजून एक. पण हा अंगाने बारीक आहे, लाल रंग कुठेच नाही, आणि मधला पट्टा सरळ नसून अगदी पांढरा, बारीक, दोन तुकड्यांत. पुतण्या अंगणात नाचतोय. पाठवू का?

टाचणी (२ जुलै, सकाळी ७:०१)

आधी चिठ्ठी लिहा.

व्हाळाकाठचा (२ जुलै, सकाळी ७:०३)

लिहिली. पेन्सिलने.